वाटाण्याचे रोप आणि विम्याचे कागद

राजमहाल रोडने जाताना कलाभवनाची जुनी इमारत आपल्या सगळ्यांना रोज दिसते. बडोद्याच्या मराठी घरांतून सयाजीराव महाराजांच्या, राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या, योगी अरविंदांच्या आणि डॉ. आंबेडकरांच्या गोष्टी मुलांना सांगितल्या जातात. पण हिंदुस्थानात सिनेमाचा धंदा ज्यांनी उभा केला, ते दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले, हे फार थोड्या घरांत सांगितले जाते. त्यांना आपण नाशिकला आणि मुंबईला देऊन टाकले आहे. यंदाच्या स्मरणिकेत त्यांना थोडे परत आणावे, असे आम्ही ठरवले.

ठरवण्याला एक निमित्तही झाले. गेल्या वर्षी उत्सवाच्या आधी चार मुले मंडळाच्या समितीपुढे आली. बडोद्यातल्या जुन्या मराठी वाड्यांवर वीस मिनिटांचा लघुपट करायचा, त्यासाठी मंडळाने चाळीस हजार रुपये द्यावेत, असे त्यांचे म्हणणे होते. समितीत आम्हीही होतो. आम्ही सरकारी खात्यातली माणसे, त्यामुळे पहिला प्रश्न सवयीने विचारला, की अंदाजपत्रक कुठे आहे? ते त्यांच्याकडे नव्हते. पटकथा होती का, तर ती डोक्यात होती. विषय पुढच्या सभेवर गेला आणि पुढच्या सभेला मुले आलीच नाहीत. आम्ही नियमाप्रमाणेच वागलो होतो, तरी मनाला काहीतरी बोचत राहिले. मग फाळक्यांचे चरित्र पुन्हा वाचायला घेतले. त्यांनी सिनेमा कसा काढला, यापेक्षा कॅमेरा सुरू होण्याआधी त्यांनी काय काय केले, तेच या वेळी आमच्या डोळ्यांत भरले. तेवढेच येथे सांगतो.

त्र्यंबकेश्वर ते बडोदे

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे पंडित. घरात पौरोहित्याची आणि शास्त्राची परंपरा, पण मुलाचा हात चित्रकलेकडे वळणारा. वडिलांना मुंबईत अध्यापनाचे काम मिळाले तसे कुटुंब तिकडे गेले आणि १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे थोरल्या भावाबरोबर ते बडोद्याला आले.

महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले ते हाताला धंदा मिळावा म्हणून. प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर रसायनशास्त्रातले मोठे नाव. चित्रे, शिल्पाचे नमुने, फोटो काढणे, ते धुणे आणि छापणे, छपाईचे ब्लॉक बनवणे, अशी एकामागून एक कामे फाळके शिकत गेले. गज्जरांनी त्यांच्यातली चिकाटी ओळखली आणि कलाभवनाचा फोटो स्टुडिओ व प्रयोगशाळा त्यांना वापरू दिली. शिकून झालेल्या मुलाला संस्थेची खोली आणि साहित्य वापरू देणारा प्राचार्य मिळणे हे आजही भाग्याचेच म्हणायला हवे. पुढे दादरच्या बंगल्यात रात्री फिल्म धुताना फाळक्यांच्या हातांना जी सवय होती, तिची सुरुवात आपल्या गावात झालेली आहे.

पोटापाण्याचे मात्र जमेना. त्यांनी गोध्र्याला जाऊन फोटोग्राफीचा धंदा मांडला. तेथे प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल दोघेही गेले. ते बडोद्याला परत आले, पण फोटो काढला की आयुष्य कमी होते अशी समजूत तेव्हा लोकांत होती, त्यामुळे गिऱ्हाईक मिळेना. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगव, जादूचे प्रयोग कर, असे दिवस निघाले. जादूगार म्हणून त्यांनी घेतलेले नाव प्रोफेसर केल्फा, म्हणजे फाळके हीच अक्षरे उलटी. १९०२ मध्ये त्यांनी दुसरे लग्न केले. या सरस्वतीबाई. त्यांचे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढच्या हकिकतीत त्या पानोपानी येतात.

सुटलेली नोकरी आणि सुटलेली भागीदारी

१९०३ मध्ये फाळक्यांना सरकारच्या पुराणवस्तू संशोधन खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी लागली. पगार नियमित आणि काम आवडीचे. आमच्यासारख्याने तेथे निवृत्तीपर्यंत पाय रोवले असते. पण वंगभंगानंतर स्वदेशीचे वारे सुटले आणि १९०६ च्या सुमारास फाळक्यांनी राजीनामा दिला. लोणावळ्याला छापखाना काढला, रविवर्मा प्रेससाठी काम केले, मग छापखाना दादरला हलवला. भागीदार मिळाले, धंदा वाढला, १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणायला ते जर्मनीलाही जाऊन आले. 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' हे नाव चांगलेच झाले होते. पण भागीदारांशी पटेनासे झाले आणि काही न घेता ते बाहेर पडले.

वय चाळीस. आमच्यापेक्षा थोडे कमीच. घरी बायको आणि मुले, हातात कला पुष्कळ, पण उत्पन्न नाही. सिनेमाची कल्पना सुचली तेव्हा माणूस या अवस्थेत होता.

पडद्यावर ख्रिस्त, मनात कृष्ण

१९१०-११ च्या सुमारास गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांच्या मनात राम आणि कृष्ण चालू लागले होते. आपले देव आपल्या माणसांनी या पडद्यावर आणायचे, ही ती कल्पना. स्वदेशीसाठी नोकरी सोडलेल्या माणसाला ती सुचावी यात नवल नाही.

पण कल्पना सुचून भागत नाही. पुढचे बरेच महिने फाळक्यांनी केला तो अभ्यास. परदेशातून किमतीची पत्रके, पुस्तके आणि साहित्य मागवले. रोज चार-पाच तास सिनेमे पाहिले. घरी छोटे यंत्र आणून रात्री भिंतीवर चित्रे पाडली. हे यंत्र कसे चालते, फिल्म कुठून येते, ती धुतात कशी, खर्च किती, याचा शोध चालला होता. झोप नाही, विश्रांती नाही, डॉक्टरांचे ऐकायचे नाही. शेवटी डोळ्यांनी दगा दिला आणि काही काळ दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि निरनिराळ्या चष्म्यांनी दृष्टी परत आली. सिनेमा पाहणाऱ्या माणसाचे डोळेच जावेत, यापुढे दुसरा कोणी असता तर थांबला असता.

विम्याचे कागद

पुस्तके वाचून जेवढे कळायचे तेवढे कळले होते. पुढचे शिकायला विलायतेला जाणे भाग होते, आणि त्याला पैसे हवे होते. सिनेमा या धंद्याला तेव्हा कोण कर्ज देणार? तारण काय? जमीन नाही, छापखाना सुटलेला. उरल्या विम्याच्या पॉलिसी. बारा हजारांच्या त्या पॉलिसी गहाण टाकून फाळक्यांनी दहा हजार रुपये उभे केले. यशवंतराव नाडकर्णी आणि आबासाहेब चिटणीस या स्नेह्यांनी त्यासाठी मदत केली.

आमच्याही कपाटात पॉलिसीचे कागद आहेत. ते आपल्यासाठी नसतात, आपल्यामागे राहणाऱ्यांसाठी असतात. म्हणजे फाळक्यांनी त्या दिवशी गहाण टाकले ते सरस्वतीबाईंचे आणि मुलांचे उद्याचे दिवस. हिंदी चित्रपटाच्या भांडवलातला पहिला रुपया असा आला. तो कोणा सावकाराने जोखीम म्हणून घातलेला नव्हता. एका घराने आपला आधार काढून दिला होता.

१ फेब्रुवारी १९१२ ला फाळके बोटीत बसले. लंडनमध्ये ओळखीचे कोणी नाही. मुंबईत बसून ते 'बायोस्कोप' नावाचे सिनेमाचे साप्ताहिक वर्गणी भरून मागवीत असत. त्याच साप्ताहिकाची पाटी लंडनला दिसली आणि ते सरळ संपादकांना, कॅबोर्न यांना, भेटायला गेले. कॅबोर्न यांनी आधी परतवण्याचाच प्रयत्न केला. विलायतेतसुद्धा या धंद्यात माणसे बुडाली होती, आणि हिंदुस्थानची हवा फिल्मला मानवेल का, अशी त्यांना शंका होती. पण समोरचा माणूस हटत नाही हे पाहून त्यांनीच फाळक्यांची सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांचा वॉल्टनला स्टुडिओ होता. त्यांनी सगळे विभाग उघडून दाखवले आणि चित्रीकरण कसे चालते तेही पाहू दिले.

सारा मुक्काम अवघा दोन आठवड्यांचा. तेवढ्यात पाहायचे ते पाहून, पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेऊन, कोडॅकची कच्ची फिल्म आणि तिला भोके पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवून फाळके परत फिरले. एप्रिलमध्ये ते मुंबईत होते आणि फाळके फिल्म्स कंपनीचे नाव ठरले होते. दहा हजारांतला पैसा अनुभव, यंत्र आणि कच्चा माल एवढ्यावरच गेला. दिखाऊ असे काहीच त्यांनी आणले नाही.

वाटाण्याची कुंडी

दादरला मथुरा भवन नावाच्या बंगल्यात बिऱ्हाड आले. आवारात काचेची खोली आणि आत फिल्म धुण्यासाठी अंधारी खोली. मे महिन्यात सामान आले. फाळक्यांनी सोबतच्या आकृत्या पाहून चार दिवसांत ते जोडले. कच्च्या फिल्मला कडेची भोकेसुद्धा नसत, ती आपण पाडायची आणि तीही अंधारात. हे काम सरस्वतीबाई शिकल्या. आम्ही डिप्लोमावाले, म्हणून सहज हिशेब केला. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मला एका फुटात दोन्ही कडा मिळून १२८ भोके येतात. 'राजा हरिश्चंद्र' ३७०० फुटांचा. म्हणजे एका प्रतीला पावणेपाच लाखांच्या आसपास भोके. यंत्र असले तरी एक भोक चुकले की चित्र पडद्यावर थरथरणार. दिवसा घर आणि रात्री ही भोके, असा त्या बाईचा दिनक्रम होता.

सगळे सज्ज झाले आणि पैसा संपला. सिनेमा काढायला आणखी भांडवल हवे. सावकाराला सांगायचे काय? हिंदुस्थानात असा उद्योग कोणी उभा केलेला नव्हता, त्यामुळे दाखवायला नफ्याचा आकडा नाही, मागचा दाखला नाही. येथे फाळक्यांनी जे केले ते आम्हाला त्यांच्या साऱ्या चित्रपटांपेक्षा मोठे वाटते. त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा कुंडीसमोर ठेवला. महिनाभर रोज ठरवून थोडी थोडी फिल्म फिरवायची. बी रुजले, अंकुर आला, पाने फुटली, वेल झाला, आणि तेवढ्या काळात मिनिटभराचा चित्रपट तयार झाला. त्याचे नाव 'अंकुराची वाढ'.

निवडक मंडळींना बोलावून तो दाखवला. महिन्याभराची वाढ डोळ्यांदेखत मिनिटात घडताना पाहून लोक थक्क झाले. यात नट नाही, कपडे नाहीत, देखावा नाही. खर्च म्हणाल तर मूठभर वाटाणे, थोडी फिल्म आणि महिनाभराचा धीर. पण पाहणाऱ्यांना पाहिजे ते सारे यात होते. या माणसाला कॅमेरा चालवता येतो, फिल्म धुता येते, पडद्यावर आणता येते, आणि महिनाभर एका जागी चिकटून काम करता येते. आपण सरकारी भाषेत नमुना काम म्हणतो ते हेच. यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांच्यासारख्यांनी कर्ज देऊ केले. तरीही सारे भागेना, तेव्हा सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले.

हरिश्चंद्राची जमवाजमव

विषय म्हणून फाळक्यांनी राजा हरिश्चंद्राची कथा घेतली. आमच्या समजुतीप्रमाणे यात मोठा व्यवहार होता. चित्रपट मुका, बोलून काही सांगायचे नाही. तेव्हा कथा अशी हवी, की ती शेतकऱ्यापासून शेठजीपर्यंत सर्वांना आधीच पाठ आहे. हरिश्चंद्र नाटकांतून आणि कीर्तनांतून घरोघर पोचलेला होता. भिंतींवरच्या चित्रांनी राजा-राणीचे रूपही लोकांच्या डोळ्यांत बसवलेले होते.

मग माणसे. 'इंदुप्रकाश'सारख्या वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. राजाच्या भूमिकेला दत्तात्रय दामोदर दाबके मिळाले. तारामतीला मात्र बाई मिळेना. घरंदाज स्त्रियांचा प्रश्नच नव्हता, पण नाचगाण्याच्या पेशातल्या स्त्रियांनीही नकार दिला. शेवटी एका उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करणारा तरुण अण्णा साळुंके फाळक्यांच्या नजरेस पडला आणि महिना पंधरा रुपयांवर तो तारामती झाला. रोहिदास घरचाच, मुलगा भालचंद्र. कॅमेऱ्याला त्र्यंबक तेलंग. सिनेमात काम करतो म्हटले तर लोक नावे ठेवतील, म्हणून मंडळींनी विचारणाऱ्याला हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असे सांगायचे, असे ठरले होते. त्या नावाचा मराठी चित्रपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. या साऱ्या लवाजम्याचा, साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करीत. जेवणाचा खर्च आणि पगार हा त्या काळी भांडवलातला मोठा भाग. त्यातला एक भाग एका बाईने आपल्या श्रमांनी भरून काढला. हिशेबाच्या कुठल्याही वहीत तिच्या नावावर ही रक्कम दिसणार नाही.

२१ एप्रिल १९१३ ला ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांना आणि ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये जनतेला 'राजा हरिश्चंद्र' दाखवला गेला. पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे.

पुढचे भांडवल

ठाऊक नसते ते त्यापुढचे. यश मिळाले म्हणून पैशाची काळजी संपली नाही. कंपनी नाशिकला गेली, आणखी चित्रपट निघाले, १९१४ मध्ये ते चित्रपट घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले. तेथे कौतुक झाले, तिथेच राहून चित्रपट काढण्याचे बोलावणेही आले. त्यांनी ते घेतले नाही. इकडे पहिले महायुद्ध सुरू झाले आणि सावकारांनी हात आखडता घेतला. लोकमान्य टिळकांसारख्यांनी मर्यादित कंपनी काढता येईल का, याची खटपट केली, पण ती तडीस गेली नाही. त्या दिवसांतही घरातले सोनेनाणेच उपयोगी पडले. १९१७ च्या 'लंकादहन'ने पुन्हा भरभरून पैसा दिला.

त्या यशानंतर १९१८ मध्ये भागीदारांचे भांडवल घेऊन हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. आता पॉलिसी गहाण टाकायची गरज नव्हती. पण पैसा ज्यांचा, त्यांनी हिशेब मागणे साहजिकच होते. खर्च किती, दिवस किती, अमुक दृश्य पुन्हा का घेतले. फाळक्यांना ते सोसेना. थोड्याच काळात ते कंपनी सोडून काशीला गेले, तेथे नाटक लिहिले, आणि काही वर्षांनी पुन्हा परत आले. यात भागीदारांनाच दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही. समितीच्या टेबलाच्या त्या बाजूला आम्हीही बसलो आहोत. पण विमा गहाण टाकून उभा केलेला पैसा फाळक्यांना मोकळे ठेवीत होता आणि नफ्यासाठी आलेला पैसा बांधून ठेवीत होता, एवढे मात्र दिसते.

बोलपट आले आणि फाळक्यांचा काळ मागे पडला. कोल्हापूरला केलेला 'गंगावतरण' हा त्यांचा बोलपट आणि अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला त्यांचे निधन झाले. शेवटची वर्षे ओढगस्तीतच गेली. आज सिनेमातला देशातला सर्वोच्च पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. सरस्वतीबाईंच्या नावाने तसे काही असावे, असे हे लिहिताना फार वाटले.

आपल्यापुरते

आता पुन्हा आपल्या मंडळाकडे. त्या चार मुलांना आम्ही अंदाजपत्रक विचारले यात चूक नव्हती. पण आम्ही एवढेच विचारले, ही चूक होती. तुमच्याकडे आहे त्या मोबाइलवर एका वाड्याचा फक्त दरवाजा, नाहीतर एका आजींचा एक मिनिट टिपून आणा, मग बोलू, असे त्यांना सांगायला हवे होते. नाडकर्णी-देवहरे यांनीही वाटाण्याचा वेल पाहिल्यावरच कर्ज दिले होते. मात्र तो पाहायला ते गेले होते. आणि त्याच्याही आधी गज्जरांनी आपली खोली उघडून दिली होती.

आपले वाडे एकेक करून पडत आहेत. ज्यांच्या तोंडून त्यांच्या गोष्टी घ्यायच्या, ती माणसेही थकली आहेत. त्यामुळे ही मुले आणखी पाच वर्षांनी आली तर त्यांना टिपायला काय उरेल, याची खात्री आम्ही देऊ शकत नाही.

यंदाच्या सभेत आम्ही दहा हजार रुपयांची छोटी तरतूद सुचवली आहे. एक-दोन मिनिटांचा नमुना करून दाखवणाऱ्यास प्रथम ती मिळावी, आणि बाकीचे पैसे त्यानंतर जमवावेत, असा प्रस्ताव आहे. काही सभासदांची हरकत आहे आणि ती ऐकून घ्यायलाच हवी. तोवर त्या चौघांपैकी कोणी हा लेख वाचत असेल, तर आरतीनंतर मंडपात आम्हाला जरूर भेटावे. अंदाजपत्रक नसले तरी चालेल. ते आपण बसून करू.

गणपती बाप्पा मोरया!